थकलेल्या विद्यार्थी कर्जापायी व्यावसायिक लायसन्स धोक्यात आलं तर: कुठून सुरुवात करायची, कोणत्या क्रमाने जायचं

अमेरिकेत नर्स, फिजिकल थेरपिस्ट, फार्मसिस्ट, शिक्षक, रिअल इस्टेट एजंट अशी लायसन्सवर चालणारी कामं करणाऱ्या मराठी मंडळींकडून एक चूक पुन्हा पुन्हा होते. विद्यार्थी कर्ज थकल्यामुळे लायसन्स निलंबित होणार, अशी नोटीस हातात पडते आणि पहिला फोन लायसन्सिंग बोर्डाला जातो. तिथे दोन-तीन आठवडे जातात. बोर्ड कर्जाचा हिशोब तपासत नाही, हप्ते ठरवत नाही, सूट देत नाही. त्याला एकच कागद हवा असतो: कर्ज ज्याच्याकडे आहे त्या संस्थेचं मुक्तिपत्र. ते आलं की फाइल पुढे सरकते, नाही आलं की ठरल्या दिवशी निलंबन लागू होतं. म्हणून दारं दोन आहेत आणि आधी वसुली संस्थेचं दार ठोठावायचं, मग बोर्डाचं.

ज्या परवान्यावर कमाई आहे तोच काढून घेतला तर कर्ज फिटणार कुठून, हा प्रश्न रास्तच आहे आणि अनेक राज्यांनी याच कारणाने हे कायदे मागे घेतले. पण तुमच्या राज्यात कायदा लागू असेल, तर हा युक्तिवाद सुनावणीत उपयोगी पडत नाही. तिथे तारखा आणि कागद बोलतात.

## आधी तपासा: हा प्रश्न तुम्हाला लागू आहे का

तीन गोष्टी पाहा.

कर्ज कोणतं? या कायद्यांचा रोख मुख्यतः केंद्र सरकारच्या कर्जांवर (डायरेक्ट म्हणजे थेट सरकारने दिलेलं, एफएफईएल म्हणजे बँकेने सरकारी हमीवर दिलेलं जुनं, पर्किन्स म्हणजे कॉलेजमार्फत मिळालेलं), राज्याच्या स्वतःच्या कर्जांवर आणि सेवेच्या अटीवर मिळालेल्या शिष्यवृत्त्यांवर आहे. केंद्राचं कर्ज नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि मोजक्या इतर गटांना मिळतं. एफ-१ व्हिसावर शिकून आता एच-१बी वर असलेल्यांकडे बहुधा खासगी कंपनीचं किंवा भारतातल्या बँकेचं कर्ज असतं. खासगी कंपनीला तुमचं लायसन्स अडवण्यासाठी बोर्डाकडे नाव पाठवता येत नाही, तिला कोर्टात दावा लावावा लागतो. भारतीय बँकेची थकबाकी सिबिलच्या नोंदीपर्यंत आणि जामीनदार आई-वडिलांपर्यंत पोहोचते, अमेरिकन बोर्डापर्यंत नाही. ती लढाई वेगळी आहे, तिच्यासाठी हा लेख वापरू नका.

राज्य कोणतं? इंटरनेटवर १९ राज्यांची एक यादी अजून फिरते. ती २०१७ सालची आहे. इलिनॉय आणि वॉशिंग्टनने २०१८ मध्ये, जॉर्जिया, टेक्सस आणि केंटकीने २०१९ मध्ये, फ्लोरिडाने २०२० मध्ये कायदा बदलून ही तरतूद काढली. इतरही काही राज्यांनी तेच केलं. काही ठिकाणी मात्र ती पूर्ण किंवा अर्धवट रूपात राहिली आहे. साउथ डकोटामध्ये सरकारी विद्यापीठाचं देणं थकलं तर वाहन चालवण्याचा परवाना आणि शिकार-मासेमारीचे परवाने अडतात. म्हणून यादी बाजूला ठेवा. नोटिशीत ज्या कलमाचा उल्लेख आहे ते कलम राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर उघडा आणि ते आज लागू आहे का, ते वाचा.

कर्जदार कोण? पॅरेंट प्लस कर्ज हे आई किंवा वडिलांच्या नावावरचं कर्ज असतं. मुलीच्या शिक्षणासाठी ते घेतलं आणि हप्ते मुलगी भरेल असं घरात ठरलं, तरी थकल्यावर लायसन्स आईचं किंवा वडिलांचं धोक्यात येतं, मुलीचं नाही.

इशारा: राज्याने कायदा रद्द केला म्हणजे आधी निलंबित झालेलं लायसन्स आपोआप परत सुरू झालं, असं धरू नका. बोर्डाच्या परवाना-शोध पानावर स्वतःची स्थिती पाहा आणि ते पान तारखेसह छापून ठेवा.

## पायरी १ : हातातला कागद नेमका कोणाचा, ते ओळखा

चार प्रकारची पत्रं येतात आणि ती एकसारखीच भीतीदायक दिसतात.

कर्जाचा हिशोब सांभाळणाऱ्या सर्व्हिसरचं पत्र आलं असेल, तर कर्ज बहुधा अजून डिफॉल्टमध्ये, म्हणजे अधिकृत थकीत अवस्थेत, गेलेलं नाही. डायरेक्ट आणि एफएफईएल कर्ज २७० दिवस हप्ता न भरल्यावर डिफॉल्ट होतं. त्याआधी, साधारण ९० दिवसांनंतर, थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर दिसू लागते. तुम्ही २७० च्या आत असाल तर हा लेख इथेच थांबवून सर्व्हिसरला आज फोन करा. उत्पन्नाधारित योजनेसाठी अर्ज करा आणि मागची थकबाकी फोरबेअरन्सखाली (हप्ते तात्पुरते थांबवण्याची सवलत) झाकता येईल का, हे विचारा. सर्व्हिसर मागच्या तारखेपासून फोरबेअरन्स लावू शकतो. या टप्प्यावर जे एका अर्जात होतं, त्याला डिफॉल्टनंतर महिने लागतात.

शिक्षण खात्याच्या डिफॉल्ट रिझोल्यूशन ग्रुपचं किंवा एखाद्या हमी संस्थेचं पत्र असेल, तर डिफॉल्ट झालेलं आहे. जुनी एफएफईएल कर्जं हमी संस्थांकडे असतात आणि बोर्डांकडे थकबाकीदारांची नावं पाठवण्याचं काम बहुतेक राज्यांत याच संस्थांनी किंवा राज्याच्या कर्ज यंत्रणेने केलेलं आहे.

तिसरं पत्र बोर्डाचं: अमुक तारखेपासून निलंबन, अमुक दिवसांत सुनावणी मागा. आणि चौथं पत्र पगारातून कपातीचं. कोर्टात न जाता हाती येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा अधिकार शिक्षण खात्याला आणि हमी संस्थेला आहे. नोटिशीच्या तारखेपासून ३० दिवसांत सुनावणी मागितली, तर सुनावणी होईपर्यंत कपात सुरू होत नाही.

तपासणी: पाकिटावरची टपालाची तारीख आणि पत्रावरची तारीख, दोन्ही लिहून घ्या. मुदत बहुधा पत्रावरच्या तारखेपासून मोजतात. पत्र तुमच्या हातात कधी पडलं, याला महत्त्व नसतं. पाकीट फेकू नका.

## पायरी २ : कर्जाची पूर्ण यादी काढा

स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या एफएसए आयडीने (त्या संकेतस्थळाचं लॉगिन) आत जा आणि माय एड डेटा ही फाइल उतरवून घ्या. दिसायला ती ओबडधोबड मजकूर-फाइल आहे, पण प्रत्येक कर्जाचा प्रकार, मूळ रक्कम, सध्याची स्थिती आणि आता ते कोणाकडे आहे, हे सगळं त्यात सापडतं. एका कागदावर प्रत्येक कर्जासाठी एक ओळ करा: प्रकार, धारक, डिफॉल्टची तारीख, मुद्दल, व्याज, वसुली खर्च. आत जाता येत नसेल तर डिफॉल्ट रिझोल्यूशन ग्रुपच्या १-८००-६२१-३११५ या क्रमांकावर चौकशी करा.

राज्याचं कर्ज आणि कॉलेजने थेट दिलेलं कर्ज या यादीत नसतं. त्यासाठी तिन्ही क्रेडिट कंपन्यांचे अहवाल काढा, ते फुकट मिळतात. आरोग्यसेवेतल्या लोकांनी एक गोष्ट आणखी पाहायची. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती घेऊन सेवेची अट मोडली असेल, किंवा आरोग्यशिक्षणासाठीचं जुनं हील कर्ज थकलं असेल, तर राज्याच्या बोर्डाशिवाय दुसरं संकट उभं राहतं: केंद्रीय आरोग्य खात्याचं महानिरीक्षक कार्यालय मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांमधून तुम्हाला वगळू शकतं. लायसन्स शाबूत असूनही मग रुग्णालय तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही, कारण तुमच्या कामाचं बिल त्या योजनांकडून वसूल होत नाही. महानिरीक्षकांची वगळलेल्यांची यादी सार्वजनिक आहे. त्यात स्वतःचं नाव शोधा.

नावाचा घोळ इथेच निस्तरा. मराठी नावांची रचना अमेरिकन अर्जात नीट बसत नाही. कर्ज घेताना मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर लायसन्सवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही बदललेलं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. वसुली संस्था सोशल सिक्युरिटी क्रमांकावर जुळवते, बोर्डाची फाइल कधी नावावर चालते. त्यामुळे मुक्तिपत्र एका नावाने निघतं आणि बोर्ड म्हणतं, या नावाचं लायसन्स आमच्याकडे नाही. विवाह प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचे कागद आत्ताच काढून ठेवा. पाटील, जोशी, कुलकर्णी अशी आडनावं आणि तेच पहिलं नाव असलेली दुसरी व्यक्ती त्याच राज्यात असणं अशक्य नाही. कर्ज तुमचं नसेलच, तर तीच तुमची सर्वांत भक्कम हरकत आहे.

## पायरी ३ : मुदत आधी वाचवा, तोडगा नंतर

इथे लोक उलटा क्रम लावतात. वसुली संस्थेशी बोलणी सुरू झाली म्हणून सुनावणीचा अर्ज टाळतात आणि बोलणी चालू असतानाच मुदत संपते. फोनवर कोणी “काळजी करू नका, आम्ही बोर्डाला कळवतो” म्हटलं, तरी सुनावणीचा लेखी अर्ज मुदतीत पाठवा. तडजोड झाली तर तो मागे घेता येतो, पण संपलेली मुदत बहुधा परत मिळत नाही.

अर्ज एका पानाचा पुरे. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, लायसन्स क्रमांक, सुनावणी हवी असल्याचं स्पष्ट वाक्य आणि कारण. चालणारी कारणं मोजकीच असतात:

- ही व्यक्ती मी नाही.
- कर्ज डिफॉल्टमध्ये नाही, फिटलं आहे किंवा माफ झालं आहे.
- परतफेडीचा करार आधीच झाला आहे आणि मी तो पाळत आहे.
- कायम अपंगत्व, कॉलेज बंद पडणं अशा कारणाने कर्जमाफीचा अर्ज प्रलंबित आहे.

आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणं ही कारणं हप्ता कमी करून घेताना वसुली संस्थेपुढे कामाची आहेत. बोर्डापुढे ती क्वचितच टिकतात, म्हणून त्यावर दोन पानं लिहू नका. अर्ज सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा आणि शिवाय ईमेल किंवा फॅक्सनेही पाठवा.

तपासणी: पुढे जाण्याआधी तुमच्याकडे पोचपावती आहे का? नसेल तर ही पायरी पूर्ण झालेली नाही.

## पायरी ४ : डिफॉल्टमधून बाहेर पडण्याचा मार्ग निवडा

रस्ते तीन: रिहॅबिलिटेशन (ठरावीक हप्ते भरून डिफॉल्ट मिटवणं), कन्सॉलिडेशन (जुन्या कर्जांच्या जागी एक नवं कर्ज घेणं), एकरकमी तडजोड. कोणता घ्यायचा हे दोन प्रश्नांवर ठरतं: निलंबनाची तारीख किती जवळ आहे, आणि पगारातून कपात सुरू आहे का?

तारीख दोन-तीन महिन्यांवर असेल आणि कपात किंवा कोर्टाचा निकाल नसेल, तर आमच्या मते कन्सॉलिडेशन. ते साधारण चार ते सहा आठवड्यांत होतं, कधी जास्त लागतात. वेळ हाताशी असेल, किंवा वसुली संस्था “करार सही करून पहिले काही हप्ते भरा, आम्ही बोर्डाला मुक्तिपत्र देतो” हे लेखी द्यायला तयार असेल, तर रिहॅबिलिटेशन चांगलं, कारण त्यात क्रेडिट रिपोर्टवरची डिफॉल्टची नोंद पुसली जाते. आधीच्या उशिरा हप्त्यांच्या नोंदी तशाच राहतात. कन्सॉलिडेशनमध्ये डिफॉल्टची नोंदही राहते.

एकरकमी तडजोडीचा पर्याय नातेवाईक मदत करणार असतील तरच. ठरलेल्या सवलती साधारण तीन आहेत: वसुली खर्च माफ, मुद्दल अधिक निम्मं व्याज, किंवा मुद्दल-व्याजाच्या ९० टक्के. मुद्दल निम्म्यावर येईल, ही आशा सोडा. माफ झालेल्या रकमेवर करपत्र येऊ शकतं, ते आधी सीपीएला (कर-हिशोबनीसाला) दाखवा.

## पायरी ५ : रिहॅबिलिटेशन, आणि ते कुठे फसतं

डायरेक्ट आणि एफएफईएल कर्जांसाठी नियम असा: सलग १० महिन्यांच्या काळात ९ हप्ते, प्रत्येक हप्ता देय तारखेपासून २० दिवसांच्या आत, ठरलेल्या पूर्ण रकमेचा आणि स्वेच्छेने भरलेला. म्हणजे एक महिना चुकला तर चालतं, दुसरा चुकला की मोजणी नव्याने.

रक्कम कशी ठरते. तुमच्या वार्षिक उत्पन्नातून (करपत्रावरचं समायोजित एकूण उत्पन्न) दारिद्र्यरेषेच्या १५० टक्के वजा करा. उरलेल्याचे १५ टक्के काढा, १२ ने भागा. उदाहरणार्थ, उत्पन्न ४८,००० डॉलर, घरात एकच माणूस. २०२५ ची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर, तिचे १५० टक्के २३,४७५. उरले २४,५२५. त्याचे १५ टक्के ३,६७९, म्हणजे महिन्याला साधारण ३०७ डॉलर. त्याच उत्पन्नावर घरात चौघे असतील तर रेषा ३२,१५० आणि १५० टक्के ४८,२२५. उत्पन्न त्याखाली, म्हणून हप्ता किमान ५ डॉलर. कुटुंबसंख्या किती लिहिता, यावर ३०० डॉलरचा फरक पडतो तो असा.

कुटुंबात जोडीदार आणि मुलं येतात. आई-वडील तुमच्याकडेच राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर तेही मोजा, अनेक जण त्यांना विसरतात. पुण्यात किंवा सांगलीत राहणाऱ्या आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवत असलात, तरी ते या संख्येत धरले जात नाहीत.

आलेली रक्कम झेपत नसेल तर गप्प बसून अर्धा हप्ता भरू नका. अर्धा हप्ता मोजलाच जात नाही. लोन रिहॅबिलिटेशन: इन्कम अँड एक्स्पेन्स हा फॉर्म मागा. त्यात घरभाडं, औषधं, मुलांचा सांभाळ, प्रवास असा खर्च भरला की हप्ता त्यानुसार पुन्हा ठरतो.

इथे लोक हमखास फसतात ते असं:

करार सही होण्याआधी “चांगली इच्छा दाखवायला” ५०० डॉलर पाठवले. ते थकबाकीत जमा होतात, नऊ हप्त्यांत मोजले जात नाहीत.

एकाच महिन्यात तीन हप्ते भरले. लवकर संपवण्याची घाई समजण्यासारखी आहे, पण एका महिन्याचा एकच हप्ता मोजतात.

पगारातून किंवा कर-परताव्यातून कापलेले पैसे हप्ता म्हणून धरले. ते स्वेच्छेचे नाहीत, म्हणून मोजले जात नाहीत. कपात सुरू असताना रिहॅबिलिटेशन करायचं तर हप्ता त्याच्या वर वेगळा भरावा लागतो. असे पाच हप्ते झाले की कपात थांबवली जाऊ शकते. सहाव्या महिन्यात पगारपत्रक पाहा आणि कपात चालूच असेल तर लगेच लेखी विचारा.

ही संधी सध्या एका कर्जाला एकदाच मिळते. २०२५ च्या नव्या केंद्रीय कायद्याने १ जुलै २०२७ पासून ती दोनदा मिळेल, पण त्या भरवशावर आत्ताची वाया घालवू नका.

एफएफईएल कर्ज असेल तर शेवटी ते दुसऱ्या संस्थेला विकताना थकित मुद्दल-व्याजाच्या १६ टक्क्यांपर्यंत वसुली खर्च चढू शकतो. करारावर सही करण्याआधी हा आकडा डॉलरमध्ये लिहून मागा.

तपासणी, सही करण्याआधी: करारात सगळी थकलेली कर्जं आहेत का? पायरी २ मधल्या यादीशी एकेक ओळ ताडून पाहा. एक जरी बाहेर राहिलं तरी तुम्ही बोर्डाच्या लेखी थकबाकीदारच राहता.

## पायरी ६ : कन्सॉलिडेशन करणार असाल तर

अर्ज स्टुडंटएड डॉट गव्हवरच, फुकट. थकलेलं कर्ज यात घ्यायला दोनपैकी एक अट पुरी करावी लागते: नवं कर्ज उत्पन्नाधारित योजनेतून फेडण्याची संमती, किंवा आधी सलग तीन पूर्ण हप्ते वेळेवर. घाई असेल तर पहिली. सेव्ह ही उत्पन्नाधारित योजना कोर्टात अडकली, तिच्या आधारावर केलेली जुनी गणितं सोडून द्या. १ जुलै २०२६ पासून योजनांची रचनाच बदलत असल्याने, मित्राने गेल्या वर्षी काय निवडलं यापेक्षा अर्ज भरण्याच्या दिवशी पानावर कोणते पर्याय दिसतात, ते पाहा.

पगारातून कपातीचा आदेश किंवा कोर्टाचा निकाल असेल, तर तो उठेपर्यंत कन्सॉलिडेशन होत नाही. अनेकांना हे अर्ज नाकारल्यावर कळतं, तोवर महिना गेलेला असतो. आधीचं एकच कन्सॉलिडेशन कर्ज असेल आणि तेच थकलं असेल, तरी बहुधा हा रस्ता बंद असतो. पॅरेंट प्लसला उत्पन्नाधारित योजनांचे पर्याय फार कमी आहेत, तिथे आधी विचारल्याशिवाय अर्ज टाकू नका.

साचलेलं व्याज मुद्दलात मिळतं आणि हमी संस्थेकडच्या कर्जावर १८.५ टक्क्यांपर्यंत वसुली खर्च त्यात धरला जाऊ शकतो. नवा व्याजदर हा जुन्या दरांची भारित सरासरी, एक अष्टमांश टक्क्यापर्यंत वर ओढलेली. म्हणजे ही सोय स्वस्त नाही. पण महिन्याचा पगार बुडण्यापेक्षा ती परवडते. ना-नफा रुग्णालयात किंवा सरकारी शाळेत नोकरी असेल तर आणखी एक फायदा: जुनं एफएफईएल कर्ज असं डायरेक्टमध्ये आणलं, तरच त्याचे पुढचे हप्ते सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीसाठी लागणाऱ्या १२० हप्त्यांमध्ये मोजले जातात.

## पायरी ७ : मुक्तिपत्र मिळवा आणि स्वतः बोर्डापर्यंत पोहोचवा

सर्वांत जास्त लायसन्स याच पायरीवर अडकतात. करार झाला, हप्ते सुरू झाले, माणूस निर्धास्त झाला. पण वसुली संस्थेने बोर्डाला कळवलंच नाही, किंवा कळवलं ते दुसऱ्या विभागात पडून राहिलं.

वसुली संस्थेला हे प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. मुक्तिपत्र कोणत्या टप्प्यावर निघतं: करारावर सही झाल्यावर, ठरावीक हप्त्यांनंतर, की डिफॉल्ट पूर्ण मिटल्यावर? ते बोर्डाच्या कोणत्या कार्यालयाला जातं? त्याची प्रत मला मिळेल का?

प्रत हातात आल्यावर त्यातल्या चार गोष्टी तपासा: लायसन्सवर आहे तसंच नाव, लायसन्स क्रमांक, बोर्डाचं बरोबर नाव, आणि “परतफेडीची समाधानकारक व्यवस्था झाली आहे” किंवा “डिफॉल्ट मिटला आहे” असं स्पष्ट वाक्य. हप्ता मिळाल्याची पावती म्हणजे मुक्तिपत्र नव्हे. पावत्यांचा गठ्ठा पाठवून लोक वाट पाहत बसतात.

मग ती प्रत स्वतः बोर्डाला पाठवा. सोबत एक आवरणपत्र, नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र, आणि पायरी ३ मधल्या सुनावणी अर्जाचा संदर्भ. पाच-सहा कामाच्या दिवसांनी फोन करून फाइलवर नोंद झाली का, ते विचारा. बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ टिपून ठेवा.

निलंबन लागू झालेलंच असेल, तर मुक्तिपत्राने ते आपोआप उठत नाही. बहुतेक बोर्डांना पुनर्स्थापनेचा अर्ज आणि शुल्क लागतं. निलंबनाच्या काळात नूतनीकरणाची तारीख उलटली असेल तर तेही राहिलेलं असतं, आणि सततच्या शिक्षणाचे तास अपुरे असतील तर अर्ज तिथेच थांबतो. म्हणून हप्त्यांच्या काळातच ते तास पूर्ण करून ठेवा.

## निलंबन चालू असताना

एक दिवसही काम करू नका. ठरलेल्या पाळ्या उरकायच्या म्हणून केलेलं कामही विनापरवाना व्यवसाय ठरतं. कर्जापायी झालेलं निलंबन पैशाने मिटतं, विनापरवाना कामाची शिस्तभंगाची नोंद तशी मिटत नाही. नोकरीच्या ठिकाणी स्वतः सांगा. रुग्णालयं लायसन्सची स्थिती नियमित तपासतात, नर्सची स्थिती तर नर्सिस या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही दिसते. ज्या कामाला लायसन्स लागत नाही अशा जागी तात्पुरती बदली मागता येते.

एका राज्याच्या बहुराज्य लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करणाऱ्या नर्सनी लक्षात घ्यावं: मूळ राज्यातलं लायसन्स निलंबित झालं की बाकी राज्यांतला हक्कही जातो. आणि दुसऱ्या राज्यात नवा अर्ज करताना “तुमच्या लायसन्सवर कधी कारवाई झाली का” या प्रश्नाला खरं उत्तर द्या, सोबत मुक्तिपत्राची प्रत जोडा. लपवलेली गोष्ट सापडली तर अर्ज खोटेपणावर फेटाळला जातो.

या काळात “तुमचं लायसन्स दोन दिवसांत सोडवतो” असे फोन हमखास येतात. फोनवरून गाठून, काम होण्याआधीच कर्जमुक्तीची फी घेणं केंद्रीय नियमाने बेकायदा आहे. एफएसए आयडीचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. वर सांगितलेले सगळे अर्ज फुकट आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर सुनावणीसाठी त्या राज्यात लायसन्सची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलावर करा, आणि उत्पन्न कमी असेल तर आधी जवळच्या मोफत विधी सेवेकडे जा.

## पायरी ८ : डिफॉल्ट मिटल्यानंतरचे पहिले ९० दिवस

रिहॅबिलिटेशन संपलं की कर्ज नव्या सर्व्हिसरकडे जातं. जुन्या संस्थेची आपोआप-कपात थांबते, नव्याची सुरू झालेली नसते आणि पहिलं बिल जुन्या पत्त्यावर जातं. वर आणखी एक धक्का: ५ डॉलरचा हप्ता संपून एकदम साधारण योजनेचा मोठा हप्ता लागतो, कारण रिहॅबिलिटेशनची रक्कम पुढे चालू राहत नाही. म्हणून नवव्या हप्त्याच्या आठवड्यातच उत्पन्नाधारित योजनेचा अर्ज तयार ठेवा आणि कर्ज नव्या सर्व्हिसरकडे दिसू लागताच तो दाखल करा.

पत्ता तीन ठिकाणी बदला: स्टुडंटएडवर, सर्व्हिसरकडे आणि लायसन्सिंग बोर्डाकडे. घर बदलल्यावर फक्त टपाल खात्याला कळवणं पुरत नाही, ते पत्रं काही काळच पुढे पाठवतं. उत्पन्नाधारित योजनेची दरवर्षीची फेरनोंदणी कॅलेंडरमध्ये दोन महिने आधी टाका.

तिसाव्या दिवशी क्रेडिट रिपोर्ट काढा आणि डिफॉल्टची नोंद गेली का ते पाहा. साठाव्या दिवशी बोर्डाच्या परवाना-शोध पानावर स्थिती “सक्रिय” दिसते का, ते पाहून पान छापा. नव्वदाव्या दिवशी सर्व्हिसरच्या खात्यात तीन हप्ते जमा दिसले पाहिजेत. मुक्तिपत्र, करार, पोचपावत्या आणि नऊ हप्त्यांच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. कर्ज पुन्हा विकलं गेलं आणि जुनी यादी चुकून परत बोर्डाकडे गेली, तर तीच फाइल लागेल.